पदवी आणि पगार यांच्या मधली वर्षं

आपल्या चळवळीचा इतिहास सांगताना आपण दोनच गोष्टी मोजतो. किती पोरं शिकली, आणि किती नोकरीला लागली. भाषणात हेच आकडे, स्मरणिकेत हेच आकडे. पण पोरगं बी. ए. झालं त्या दिवसापासून त्याच्या हातात पहिला पगार पडेपर्यंत जी वर्षं जातात ती कुणी मोजत नाही. त्या वर्षांत ते कुठं राहिलं, काय खाल्लं, फॉर्मची फी कुणी भरली, बहिणीचं लग्न कुणी पुढं ढकललं, याची नोंद कुठल्या गॅझेटात सापडत नाही.

मी पदवीधर नाही. दहावीनंतर गिरणीत लागलो. जे काय वाचलं ते पाळी सुटल्यावर, वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वाचनालयात. पण माझ्या रिंग खात्यात आज माझ्या शेजारी दोन बी. ए. आणि एक बी. कॉम. उभे आहेत, तेही कंत्राटदाराच्या हजेरीवर. तुटलेला धागा जोडायला बी. कॉम. लागत नाही. त्यांना बघून मी हा इतिहास धुंडाळायला लागलो.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. नोकरी हुशारीला मिळते असं सांगतात. हुशारीचा नंबर नंतर लागतो. आधी बघितलं जातं, कोण किती दिवस थांबू शकतो. आणि कुणी किती दिवस थांबायचं हे या देशात जातीनं ठरवून ठेवलंय.

१. वार लावून जेवणारे

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं. पदवी, आणि पदवीमागची सरकारी नोकरी, हा रस्ता तिथून सुरू झाला. त्या काळात पुण्याला शिकायला आलेला गरीब ब्राह्मणाचा पोरगा माधुकरी मागायचा. सात घरी सात वार लावून जेवायचा. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या माडीवर पथारी टाकायचा. त्याच्या या हालांवर पुढं आत्मचरित्रं लिहिली गेली, शाळेच्या पुस्तकात धडे आले. त्या हालांची टिंगल करायचं आपल्याला कारण नाही. भूक ही भूकच असते.

पण प्रश्न विचारायचा तो विचारलाच पाहिजे. ती ओसरी त्याला कुणी दिली? ते वार कुणी दिले? जातीनं दिले. खिशात दमडी नसताना जात हेच त्याचं वसतिगृह होतं आणि जात हीच त्याची खानावळ. आपल्या पोरानं कुणाच्या घरी वार लावायचा होता? ज्या ओसरीवर त्याची सावली चालत नव्हती तिथं त्याचं अंथरूण कोण घालू देणार? म्हणजे दोघंही गरीब, पण एकाच्या गरिबीला थांबायला जागा होती, दुसऱ्याच्या गरिबीला नव्हती.

हे लख्ख दिसलं ते कोल्हापूरच्या राजाला. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, हे आपण दरवर्षी सांगतो. पण त्या हुकुमाच्या आधी, १९०१ मध्ये, त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं होतं, आणि पुढं जातीजातीची बोर्डिंगं काढत १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढलं. नोकरीचा हुकूम आणि झोपायला खोली, दोन्ही. राजाला कळलं होतं की नुसता हुकूम काढला तर राखीव जागेपर्यंत चालत येणारा पोरगा वाटेतच उपाशी पडेल.

२. बडोद्याची खोली

आता बाबासाहेबांचंच बघा. १९०७ साली मॅट्रिक. पुढच्या शिक्षणाला सयाजीराव गायकवाडांची महिना २५ रुपये शिष्यवृत्ती. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ, त्या बदल्यात बडोदे संस्थानात दहा वर्षं नोकरी करायचा करार. १९१७ साली ते बडोद्याला हजर झाले. शिक्षण होतं, नेमणूक होती, पगार ठरलेला होता. काय नव्हतं? खोली नव्हती.

सगळ्या बडोद्यात त्यांना कुणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. सामान बाहेर. तो दिवस त्यांनी बागेत बसून काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. ही हकीकत आपल्याला पाठ आहे, ऐकताना आपल्या डोळ्यांत पाणी येतं. पण आपण तिच्यातून फक्त अपमान घेतो. तिच्यातलं अर्थशास्त्र घेत नाही. त्या काळच्या हिंदुस्थानातला एवढा शिकलेला माणूस, हातातली नोकरी सोडून गेला तो राहायला जागा नव्हती म्हणून. नोकरी मिळणं आणि नोकरी करता येणं या दोन गोष्टी आहेत. मधी घर आहे, भाडं आहे, मेस आहे, पाणी आहे.

त्यानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपयांवर प्राध्यापक होईपर्यंतचा काळ त्यांनी कसा काढला? शिकवण्या केल्या. शेअरचा सल्ला देण्याचा धंदा काढला. सल्ला देणारा महार आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेना, धंदा बसला. घर होतं परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत रमाईचा संसार. पदवी आणि पगार यांच्या मधलं वर्ष बाबासाहेबांनाही चुकलं नाही. रमाईनं ते वर्ष कसं ढकललं याचा हिशेब आपण कधी मांडला नाही. आजही ज्या घरात पोरगं वाट बघत बसलंय त्या घरात तो हिशेब कुणीतरी बाईच सांभाळत असते.

३. साखळी

ज्यानं हे सोसलं त्यानंच पुढं त्यावर उपाय बांधला. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि १९२५ च्या सुरुवातीलाच सोलापूरला वसतिगृह. पुढं १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री. या चार वर्षांकडं नीट बघा. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८ १/३ टक्के जागा. १९४६ मध्ये त्या १२ १/२ टक्के. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाला शिष्यवृत्ती, त्यासाठी वर्षाला ३ लाख रुपये. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी. जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद.

आपण या गोष्टी वेगवेगळ्या तारखा म्हणून घोकतो. त्या एका साखळीच्या कड्या आहेत. वसतिगृह म्हणजे झोपायला जागा. शिष्यवृत्ती म्हणजे भाकर. कॉलेज म्हणजे पदवी. राखीव जागा म्हणजे पगार. एक कडी निसटली की बाकीच्या नुसत्या लोंबकळतात. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरायचे, ते का? पोरगं सकाळी लेक्चरला बसेल आणि मग कामावर जाईल म्हणून. ज्याला कमावल्याशिवाय शिकता येत नाही त्याच्यासाठी कॉलेजचं घड्याळच बदललं. मिलिंदला मराठवाड्यातल्या खेड्यांतून पोरं आली ती नागसेनवनात राहायची सोय होती म्हणून.

आणि या साखळीला आणखी एक कडी होती, ती कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही. ती म्हणजे बापाची पाळी. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं खंडीनं होती, पण विणाई खात्यात, साच्यांवर, त्यांना घेत नसत. धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, मग अस्पृश्यानं तोंड लावलेला धोटा बाकीचे कसा तोंडाला लावणार? विणाईत पगार जास्त. म्हणून आपण कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. तर त्या कमी पगाराच्या खात्यात रात्रपाळी करून बापानं पोराला बी. ए. केलं. आपल्या पहिल्या पदवीधर पिढीचा थांबण्याचा खर्च सरकारनं थोडा दिला आणि गिरणीच्या खातेवाटणीत डावलल्या गेलेल्या बापानं जास्त.

४. कार्ड आणि दाखला

१९५६ ला धम्मदीक्षा झाली. माणूस म्हणून आपण उभे राहिलो. पण सरकारच्या कागदावर काय झालं हे आजच्या कितीतरी कार्यकर्त्यांना माहीत नसतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत फक्त हिंदू धरले होते. १९५६ मध्ये शिखांना धरलं. बौद्धांना धरलं ते १९९० मध्ये. महाराष्ट्र सरकारनं राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राचं दार चौतीस वर्षं बंद. रेल्वे, पोस्ट, १९६९ नंतरच्या राष्ट्रीयीकृत बँका, सगळं केंद्राच्या नियमानं. पोरगं घरात त्रिसरण म्हणायचं आणि फॉर्मवर हिंदू महार लिहायचं, नाहीतर बौद्ध लिहून सर्वसाधारण रांगेत उभं राहायचं. धर्म की भाकर, असा प्रश्न चौतीस वर्षं प्रत्येक फॉर्मच्या रकान्यात बसला होता. ज्यांनी बौद्ध लिहिलं आणि घरी बसले त्यांची नावं कुठल्या स्तंभावर कोरलेली नाहीत.

दुसरीकडं एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं कार्ड. ही केंद्रं १९४५ साली लढाईवरून परतणाऱ्या सैनिकांना काम लावून देण्यासाठी सुरू झाली. १९५९ च्या कायद्यानं मालकांवर रिकाम्या जागा कळवण्याची सक्ती झाली. कळवायची सक्ती, घ्यायची नाही. पोरं कार्ड काढायची, मुदत संपली की रांगेत उभी राहून नव्या तारखेचा शिक्का मारून आणायची. राखीव जागांपुढं शेरा पडायचा, योग्य उमेदवार मिळाला नाही. योग्य उमेदवार बाहेर कट्ट्यावर शिक्क्याचं कार्ड घेऊन बसलेला असायचा.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती या कट्ट्यावरच्या संतापावर. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवायचे. शिकलेलं डोकं आणि रिकामा हात एकत्र आले की काय होतं ते तेव्हा महाराष्ट्रानं बघितलं. आणि २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाल्यावर वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा नावाचं निमित्त होतं. माझ्या मते गावाच्या डोळ्यांत खुपत होता तो इस्त्रीची पँट घालून तालुक्याला नोकरीवर जाणारा आपला पोरगा. विद्यापीठाच्या पाटीवर नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षं थांबावं लागलं, तेही नावविस्तार म्हणून.

१९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल दुःख बोलून दाखवलं, ते आपण प्रत्येक शिकलेल्या पोराच्या तोंडावर मारतो. जरा थांबून विचार करा. ते दुःख होतं नोकरीला लागून समाजाला विसरलेल्यांबद्दल. ज्याला नोकरीच लागलेली नाही, जो तिशीत बापाच्या पैशावर मेसचं ताट घेतो, त्याला हे वाक्य कशाला ऐकवता? त्याला आधी विचारा, जेवलास का.

५. दार उघडलं, घर विकायला काढलं

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागं घेतलाच गेला नाही. कामगार मात्र कायमचा घरी गेला. मागून गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. ज्या आवारात बापानं रात्रपाळी केली तिथं नातू सिक्युरिटीचा ड्रेस घालून दार उघडतो, तोही एजन्सीच्या पगारावर. साखळीतली बापाच्या पाळीची कडी अशी तुटली.

१९९० मध्ये बौद्धांना केंद्राचं दार उघडलं. १९९१ मध्ये नवं आर्थिक धोरण आलं. म्हणजे दार उघडलं आणि लगेच घर विकायला काढलं. आरक्षण कुणी रद्द केलं नाही. रद्द करायची गरजच उरली नाही. झाडू, पहारा, ड्रायव्हर, शिपाई, डाटा एंट्री अशी कामं एकेक करून कंत्राटात गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरती करायचा जीआर काढला. पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरमध्ये तो मागं घ्यावा लागला. जीआर मागं गेला, कंत्राट गेलं नाही.

मग म्हणतात, खाजगीत जा. खाजगीचं काय आहे ते सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये छापून दाखवलं. वर्तमानपत्रातल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, पात्रता सारखी, नाव-आडनाव तेवढं वेगळं. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चजातीय नावाच्या साधारण दोनतृतीयांश निघाली. गिरणी कामगाराच्या भाषेत सांगायचं तर जिथं त्याला दहा अर्ज पुरतात तिथं आपल्याला पंधरा करावे लागतात. आपल्याकडं थांबायला पैसा कमी, आणि थांबायचंही आपल्यालाच जास्त.

६. आजचा हिशेब

माझा एक मित्र पुण्यात पेठेत राहून स्पर्धा परीक्षा देत होता. त्याच्या वहीतला एका महिन्याचा खर्च असा: कॉट बेसिसवर खाट ३,०००, मेस ३,०००, अभ्यासिका १,०००, बाकी मोबाइल, झेरॉक्स, फॉर्म, गावाला जाणं-येणं १,५००. एकूण ८,५००. वर्षाचे १ लाख २ हजार.

आता सरकारकडं बघू. वसतिगृहात नंबर न लागलेल्या आपल्या मुलांसाठी २०१७ पासून बाबासाहेबांच्या नावानं स्वाधार योजना आली. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये ठरले: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. राहण्याचे महिन्याला १,६६६ रुपये पडतात. एवढ्यात पेठेत खाटेचे तीन पायसुद्धा येत नाहीत. तरी मी म्हणतो, योजना चांगली आहे, भांडून टिकवली पाहिजे. पण तीही कॉलेजात नाव असेपर्यंत. पदवी हातात पडली की पैसे बंद. जिथून खरी वाट बघायची वर्षं सुरू होतात तिथंच हात सोडला.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. समजा एखाद्या घराचं उत्पन्न बरोबर तेवढंच आहे. म्हणजे महिना २०,८३३. त्यातले ८,५०० पोराला पाठवले तर शंभरातले चाळीस रुपये गेले. मागं आई, बाप, बहीण, दवाखाना. असं घर किती वर्षं पैसे पाठवील? एक वर्ष. दोन. तिसऱ्या वर्षी फोन येतो, गावाकडं ये.

आणि परीक्षा वेळेवर होतात का? राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला होती. पुढं ढकलत ढकलत ती २१ मार्च २०२१ ला झाली, तीही पोरं पुण्यात रस्त्यावर उतरल्यावर. साथ होती, कबूल. पण कितीकांच्या खोलीचं भाडं कुणी पुढं ढकललं नाही. आणि वयही थांबलं नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले. फी खुल्या वर्गाला १,०००, आपल्याला ९००. दहा लाखांना नऊशेनं गुणा. किमान ९० कोटी. बेकाराच्या खिशातून सरकारनं नोकरीच्या नुसत्या आशेचे ९० कोटी उचलले.

२०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. पदवीधराला महिना १०,०००, मुदत सहा महिने, २०२५ मध्ये आणखी पाच वाढवले. ऑफिसातलं काम खरं, खुर्ची उसनी. मुदत संपली की परत कट्टा.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात एक आकडा आहे. पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेकारी ४२ टक्क्यांवर, आणि पस्तिशी ओलांडलेल्यांत ५ टक्क्यांच्या खाली. वरवर बघणारा म्हणेल, बघा, शेवटी सगळे लागतात. मी माझ्या खात्यात बघतो आणि मला कळतं, लागतात म्हणजे काय. थांबायची ताकद संपली की बी. ए. माणूस रिंगवर उभा राहतो, डिलिव्हरीची पिशवी पाठीला लावतो, आणि सरकारच्या कागदावर त्याची बेकारी मिटते.

७. मग काय

मित्रांनो, शिका म्हणून सांगणं सोपं आहे. आपण ते केलं आणि पोरं शिकली. आता त्यांच्या शिकण्यानंतरच्या वर्षांची जबाबदारी चळवळीनं उचलली पाहिजे. बाबासाहेबांनी साखळी बांधली होती, तिची तुटलेली कडी कुठली ते आता दिसतंय.

सरकारकडं मागायचं ते नेमकं मागा. पदवीनंतर निदान तीन वर्षं स्वाधार चालू ठेवा. भरतीच्या परीक्षेला आपल्या पोरांकडून एक पैसा फी नको. परीक्षेची तारीख चुकली तर वयात सूट आणि त्या महिन्यांचा निर्वाह भत्ता द्या. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक कंत्राटात आरक्षण लावा, आणि कायम स्वरूपाचं काम कायम माणसालाच द्या. खाजगी नोकरीत आरक्षण ही मागणी भाषणाच्या शेवटी न ठेवता पहिल्या ओळीत आणा.

आणि आपल्या हातात आहे ते आजच करा. प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. कोण पदवीधर झालं, कधी झालं, किती वर्षं थांबलंय, महिन्याला किती लागतात. हा आपला जनगणनेचा कागद. विहाराची खोली रात्री कुलपात ठेवू नका, तिथं दिवा आणि चार टेबलं लावा. शहरात ज्यांचा स्वतःचा फ्लॅट झालाय त्यांनी गावाकडच्या एका पोराला एक खाट द्यावी, दोन वर्षं. जयंतीच्या वर्गणीतून आधी मेसची दोन ताटं बाजूला काढा, मग मांडव घाला. वार लावून जेवू घालणारी जात आपल्याला नको. वार लावून जेवू घालणारी चळवळ पाहिजे, आणि तिच्या पंगतीत मातंग, चर्मकार, मेहतर, भटका, कुणाचंही पोर बसलं पाहिजे.

बडोद्याच्या बागेत एक पदवीधर रात्रीच्या गाडीची वाट बघत बसला होता. त्या शहरात त्याचं कुणी नव्हतं. आज पेठेतल्या, आमखास मैदानाजवळच्या, नागपूरच्या लायब्ररीतल्या पोराला असं म्हणावं लागलं, तर शंभर वर्षं आपण काय केलं याचा जबाब आपल्याला द्यावा लागेल.

जयभीम.